लॅव्हॉनचा कोपरा

माझी भावजय लॅव्हॉन हार्म्स हिने आयुष्यात दोन स्वयंपाकघरं चालवली, एक शाळेचं आणि एक पक्षाचं. शाळेच्या स्वयंपाकघरात ती मुख्य होती. आमच्या गावात चाळिशीच्या आतलं एकही माणूस असं सापडणार नाही, ज्याने तिच्या हातचे हॅमचे गोड गोळे खाल्ले नाहीत आणि दूध अर्धं टाकलं म्हणून तिची बोलणी खाल्ली नाहीत. पक्षाचं स्वयंपाकघर म्हणजे तिचं घरचंच. ती पक्षाची जिल्हाध्यक्ष होती. दर चार वर्षांनी, राष्ट्राध्यक्ष व्हायला निघालेली माणसं आमच्या आयोवात उगवतात, तशी तिच्या टेबलापाशीही उगवायची. खडीसाखर घातलेला तिचा चहा प्यायची, तिच्या मक्याच्या शेतांबद्दल कौतुकाने विचारायची आणि मग घसा साफ करून मूळ मुद्द्यावर यायची, की बाई, तुमचा पाठिंबा आम्हाला मिळेल का?

मी राजकारणातली नाही. मी कुठल्याच पक्षात नाही आणि त्याचं मला फार बरं वाटतं. पण मर्ल माझा थोरला भाऊ, त्याचं घर माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर, आणि लॅव्हॉनकडचा चहा माझ्याकडच्यापेक्षा चांगला. त्यामुळे देशाचं भवितव्य ठरत असताना मी बहुतेक वेळा त्याच टेबलापाशी विणत बसलेली असायचे.

लॅव्हॉनचा एका गोष्टीवर बायबलइतकाच विश्वास होता. पुढारी ज्याच्या मागे उभे राहतात, त्याच्याच मागे लोक उभे राहतात. ती म्हणायची, लोकांना शेतं आहेत, गुरं आहेत, मुलांच्या परीक्षा आहेत. कोण बरा आणि कोण वाईट हे पाहत बसायला त्यांना वेळ कुठला? ते गव्हर्नरकडे बघतात, गव्हर्नर जिल्हाध्यक्षांकडे बघतो, आणि जिल्हाध्यक्ष सगळ्यांची जेवणं करतात. मर्ल तिची थट्टा करायचा. तू वारा कुठून येतो ते आधी बघतेस आणि मग म्हणतेस, मीच फुंकर मारली. लॅव्हॉन रागवायची, पण तिचा माणूस तीन वेळा जिल्ह्यात जिंकला होता आणि ते ती विसरू देत नसे.

डॉक्टर प्रॅदर आला तो जून महिन्यात, उसन्या गाडीतून. केंटकीतल्या खाणींच्या गावांमध्ये दवाखाने काढलेला माणूस. ना कधी आमदार, ना खासदार, ना साधा नगराध्यक्ष. पक्षातल्या एकाही मोठ्या माणसाने त्याचं नाव घेतलं नव्हतं, आणि काहींनी घेतलं ते हसण्यासाठी. लॅव्हॉनने त्याला चहा दिला, कारण चहा ती सगळ्यांनाच देते. तो गेल्यावर म्हणाली, माणूस भला आहे बिचारा, पण याच्यामागे कुत्रंसुद्धा उभं राहणार नाही. मर्ल म्हणाला, मी राहीन. लॅव्हॉन म्हणाली, तेच म्हणतेय मी. मर्ल इतका हसला की त्याला खोकला लागला.

सप्टेंबरात मर्ल गेला. सकाळी शेतातल्या अवजारांच्या शेडकडे चालत निघाला आणि वाटेतच पडला. दफनानंतर चर्चच्या तळघरात जेवण झालं, तेव्हा मी पाहिलं, भांडी घासायच्या मोरीपाशी बायकांच्या रांगेत एक पुरुष बाह्या सारून ताटं पुसत उभा आहे. डॉक्टर प्रॅदर. पेपरात मर्लचं नाव वाचून दोन जिल्हे ओलांडून आला होता. सोबत फोटोवाला नाही, कुणाच्या हातात पत्रकं नाहीत. शेवटचं ताट पुसून होईपर्यंत त्याने राजकारणाचा शब्द काढला नाही. निघताना लॅव्हॉनने उरलेल्या बटाट्यांनी भरलेलं भांडं त्याच्या हातात दिलं, बुडाला तिच्या नावाची चिकटपट्टी लावलेलं, आणि माझ्यासमोर त्याला म्हणाली, “डॉक्टर, जानेवारीत मी तुमच्या कोपऱ्यात उभी राहीन. हा माझा शब्द.”

हे कोपऱ्याचं सांगायला हवं. राष्ट्राध्यक्षपदासाठी पक्षाचा उमेदवार कोण, हे देशात सगळ्यांत आधी आमच्या राज्यात ठरायला लागतं, आणि ते ठरवताना चिठ्ठी पेटीत टाकून घरी जाता येत नाही. जानेवारीतल्या एका संध्याकाळी शाळेच्या जेवणघरात जमायचं आणि आपल्याला जो हवा त्याच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं. शेजारी बघतात, गावचा डॉक्टर बघतो, ज्याच्याकडून बियाणं घेता तो बघतो. ज्या कोपऱ्यात फारच थोडी डोकी जमतात तो कोपरा मोडतो, आणि तिथल्यांनी सगळ्यांसमोर चालत दुसऱ्या कोपऱ्यात जायचं. टिकलेल्या कोपऱ्यांना डोक्यांच्या हिशेबाने, पुढे पक्षाच्या अधिवेशनात मत देणारे प्रतिनिधी मिळतात. त्यामुळे आमच्याकडे “तुझ्या कोपऱ्यात उभी राहीन” हे वाक्य कुणी सहज बोलत नाही.

ती सहज बोललीही नव्हती. पुढचे दोन महिने लॅव्हॉन जिथे गेली तिथे त्या माणसाने ताटं कशी पुसली ते सांगत होती. गोधड्या शिवणाऱ्या बायकांना सांगितलं, बँकेत सांगितलं, केस कापायला गेली तिथे सांगितलं. तिची शाळेतली मदतनीस आर्लिस फ्रेरिक्स जन्मात कधी सभेला गेली नव्हती. तिने अंगणात प्रॅदरच्या नावाची पाटी रोवली आणि गावातली त्याची मुख्य कार्यकर्तीच होऊन बसली. लॅव्हॉनने तिला आपल्या टेबलावर बसवून सगळं शिकवलं. राजमा घेऊन टेबलाच्या चार कोपऱ्यांत ढीग मांडायचे, आणि कुठल्या ढिगातले दोन दाणे कुठे गेले तर कुणाला किती प्रतिनिधी मिळतात, ते पाठ होईपर्यंत सांगायचं. मी विणता विणता शिकले, आणि मी तर कुठल्याच पक्षात नाही.

मग नोव्हेंबरात गव्हर्नरचा फोन आला.

तोपर्यंत पक्षातली सगळी मोठी मंडळी सिनेटर विथरोच्या मागे उभी राहिली होती. विथरो म्हणजे सिनेटमध्ये वीस वर्षं मुरलेला, स्वच्छ कपड्यांचा, सगळ्यांना पहिल्या नावाने हाक मारणारा माणूस. त्याच्या पाठिंब्याच्या पत्रकावर एकेका जिल्हाध्यक्षाची सही गोळा होत होती आणि आमच्या जिल्ह्याची राहिली होती. मी टेबलापाशीच होते. लॅव्हॉनने फोन उचलला आणि उभी राहिली. गव्हर्नरशी बसून बोलणं तिला बरं वाटलं नसावं. त्याचा आवाज मोठा, मला पलीकडचं अर्धंमुर्धं ऐकू येत होतं. त्याने तिला अगदी हरभऱ्याच्या झाडावर चढवलं. तुझ्याशिवाय हा जिल्हा म्हणजे नुसता नकाशा, लॅव्हॉन, असं काहीतरी. आणि मग विचारलं, “मर्ल कसा आहे?”

लॅव्हॉनने माझ्याकडे पाहिलं. मग खिडकीकडे पाहिलं.

“बरा आहे,” ती म्हणाली. “बरा आहे, धन्यवाद.”

एवढ्या मोठ्या माणसाला ओशाळं कसं वाटू द्यायचं, म्हणून आपल्या नवऱ्याला तिने जिवंत केलं. आमच्याकडे आम्ही असंच वागतो. पाय कुणी तुडवला तर माफी आम्हीच मागतो. पण त्या दिवशी मला तिच्या तोंडात मारावीशी वाटली. आणि ज्याला ओशाळवायचं नाही त्याला पुढे ‘नाही’ तरी कसं म्हणणार? दोन मिनिटांनी ती “हो, चालेल” म्हणाली आणि फोन ठेवला.

मी विचारलं, प्रॅदरला काय सांगणार?

तिने मला बरंच समजावलं. प्रॅदर निवडून येणं शक्य नाही, त्याच्यामागे एकही नाव नाही. पक्षात फूट पडली तर नुकसान सगळ्यांचंच. आणि तिची सही ही काही तिची स्वतःची नाही, ती खुर्चीची आहे. मी म्हटलं, मग शब्द खुर्चीने दिला होता का? खरं कारण तिने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. मर्ल गेल्यापासून त्या घरात फोन वाजत नव्हता. तो वाजला, आणि पलीकडे गव्हर्नर होता, आणि तो म्हणाला की तुझी गरज आहे.

प्रॅदरला ती फोन करणार होती. सोमवारी करते म्हणाली, मग मंगळवारी. बुधवारी आमचं साप्ताहिक आलं, पहिल्या पानावर कोर्टाच्या पायऱ्यांवर गव्हर्नर आणि त्याच्याशेजारी चांगला कोट घातलेली लॅव्हॉन. आणि त्याच दिवशी दुपारी प्रॅदर आला. आम्ही चहाला आधण ठेवलं होतं. उसनी गाडी वळताना खिडकीतून दिसली, आणि मी सांगते तुम्हाला, लॅव्हॉनने माझं मनगट धरून मला ओढलं आणि आम्ही दोघी, सत्तरीला टेकलेल्या दोन बाया, ओट्याआड जमिनीवर बसलो.

त्याने घंटी वाजवली. थांबला. पुन्हा वाजवली. लॅव्हॉनची गाडी दारात उभी होती, दिवा चालू होता. मी उठायला गेले तर तिने मनगट सोडलं नाही. तिची मान खाली होती आणि ती शाळकरी पोरीसारखी डोळे मिटून बसली होती. तेवढ्यात शेगडीवरची किटली शिट्टी घालायला लागली. आधी बारीक, मग घरभर. आम्ही दोघी त्या शिट्टीखाली बसून राहिलो. हसूही येत नव्हतं.

“लॅव्हॉन,” दाराबाहेरून तो म्हणाला, अगदी सरळ आवाजात, “तुमचं भांडं पायरीवर ठेवतोय. आणि किटली उतरवा, नाहीतर तळ जळेल.”

गाडी गेल्यावर मी दार उघडलं. भांडं घासूनपुसून चकचकीत, आणि आमच्याकडची रीत त्याला कुणी सांगितली कोण जाणे, ते रिकामं नव्हतं. आत त्याच्या घरच्या काकवीची बरणी होती. लॅव्हॉनने किटली उतरवली. त्या दिवशी आम्ही चहा घेतला नाही.

जानेवारीतल्या सभेच्या दिवशी बर्फ पडून गेला होता आणि कडाक्याची थंडी होती. लॅव्हॉन दुपारीच शाळेत गेली, मी तिला गाडीतून सोडलं. जेवणघर तिचंच. कुठलं टेबल डुगडुगतं ते तिला ठाऊक. मिशिगनची एक बाईही उमेदवार होती, तिच्यासाठी लॅव्हॉनने भिंतीकडची जागा ठेवली, प्रॅदरला दाराजवळचा, वाऱ्याचा कोपरा दिला, आणि दुधाच्या फ्रीजपासून वाढायच्या खिडकीपर्यंतची सगळ्यांत मोठी जागा विथरोसाठी मोकळी केली. तिथे कॉफी ठेवली, खुर्च्या मांडल्या. मला म्हणाली, पुढारी उभे राहिलेत, आता लोक येतील. मी भिंतीलगतच्या बाकावर विणकाम घेऊन बसले. पक्षाबाहेरच्यांना तिथे बसून बघायची परवानगी असते.

लोक आले. बूट आपटत, टोप्या काढत आले. येणारा प्रत्येक जण लॅव्हॉनला नमस्कार करत होता, तिच्या तब्येतीची चौकशी करत होता, तिच्याकडून कॉफीचा पेला घेत होता आणि पेला घेऊन दाराजवळच्या कोपऱ्यात जात होता. तो कोपरा भरला, मग दारापर्यंत पसरला, मग लोक कोट टांगायच्या खुंट्यांखाली उभे राहिले. लॅव्हॉनच्या कोपऱ्यात बँकेचा व्यवस्थापक आला, कोर्टातला कारकून आणि त्याची बायको आली, औषधाच्या दुकानाचे मालक आले, अशी ओळखीची, जुनी, पक्षाची माणसं. बाकी त्या मोठ्या मोकळ्या जागेत खुर्च्याच खुर्च्या.

माझ्या शेजारी बसलेल्या बाईला मी हळूच विचारलं, की लॅव्हॉन विथरोची आहे हे लोकांना ठाऊक नाही का? ती म्हणाली, ठाऊक आहे की. पण सही तिने वरच्यांसाठी केली, तिला करावी लागली असेल. आम्हाला तिने काय ते आधीच सांगितलं होतं.

म्हणजे तिच्या सहीने एकही माणूस हललं नव्हतं. हललं होतं ते तिने गावभर सांगितलेल्या, डॉक्टरने ताटं पुसल्याच्या गोष्टीने. गावाने तिचंच ऐकलं होतं, आणि आता ती एकटी पलीकडे उभी होती.

मोजणी झाली. विथरोच्या कोपऱ्यात नऊ. कोपरा टिकायला अकरा हवेत. अध्यक्ष म्हणून हे सगळ्यांना मोठ्याने सांगायचं कामही तिचंच होतं. “विथरोचा कोपरा टिकत नाही,” ती म्हणाली, वाढायच्या खिडकीपाशी उभी राहून, जिथून तिने इतकी वर्षं या माणसांना ताटं दिली होती. “अर्धा तास आहे. ज्यांना जिथे जायचं त्यांनी जावं.”

बँकेचा व्यवस्थापक कोट चढवू लागला; तो म्हणाला मी घरी जातो. बाकीचे एकमेकांकडे पाहत राहिले. लॅव्हॉनला काय करायचं होतं ते स्वच्छ होतं. शब्द दिला होता तो कोपरा समोरच होता. ते जेवणघर पार करायचं, बस्स. पण समोर सगळं गाव उभं होतं, आणि कुणीही तिच्याकडे बघत नव्हतं. सगळे आपापल्या बुटांकडे बघत होते, तिला लाज वाटू नये म्हणून. तसं बघण्याने माणसाला मेल्याहून मेल्यासारखं होतं. त्यापेक्षा ते हसले असते तर बरं होतं.

तेवढ्यात आर्लिस तिकडून निघाली आणि सरळ लॅव्हॉनकडे आली. मागोमाग म्हातारा ऑर्व्हिल, आमचा निवृत्त टपालवाला. माझा बाक तिथून दोन पावलांवर होता.

“दोनच कमी आहेत ना?” आर्लिसने विचारलं. “मी आणि ऑर्व्हिल येतो तुझ्याकडे. तुझा कोपरा टिकेल.”

मग आर्लिसने आवाज खाली आणला.

“आमच्या डॉक्टरचं काही जाईल का त्याने?”

माझ्या सुया थांबल्या. राजम्याचे ढीग मी पण पाहिले होते. लॅव्हॉनचा कोपरा मोडला असता तर त्यातली बहुतेक माणसं प्रॅदरकडेच गेली असती आणि त्याला एक प्रतिनिधी जास्त मिळाला असता. कोपरा टिकला, तर तो प्रतिनिधी विथरोचा. हे त्या खोलीत लॅव्हॉनइतकं कुणालाच कळत नव्हतं.

“नाही,” लॅव्हॉन म्हणाली. “तुमच्याकडे पुष्कळ माणसं आहेत. काही जात नाही.”

आर्लिसने तिच्याकडे क्षणभर पाहिलं. मग स्वेटरवरचा प्रॅदरचा बिल्ला काढला, खिशात टाकला, आणि येऊन तिच्या शेजारी उभी राहिली. ऑर्व्हिलने आपला बिल्ला काढला नाही, नुसता कोट वरून ओढून घेतला. बँकेच्या व्यवस्थापकाने कोट उतरवला. लॅव्हॉनने पुन्हा मोजलं, एकेकाच्या खांद्याला हात लावत, मोठ्याने, रीत आहे तसं. दहा ऑर्व्हिल. अकरा म्हणताना तिचा हात आर्लिसच्या खांद्यापर्यंत गेला नाही. पलीकडच्या कोपऱ्यातून कुणीतरी टाळ्या वाजवल्या आणि मग सगळ्यांनीच वाजवल्या, की बरं झालं, लॅव्हॉनची अब्रू राहिली.

मला तिची लाज वाटली. आजही सांगताना वाटते. माझ्या भावाची बायको आहे, मला तिच्यावर जीव आहे, पण त्या टाळ्यांमध्ये मी मान वर करू शकले नाही.

जिल्ह्यातल्या सगळ्या गावांचं मिळून विथरो एका प्रतिनिधीने पुढे राहिला. राज्यात प्रॅदर तिसरा आला, दुसऱ्याच्या इतका जवळ की रात्रभर मोजणी चालली म्हणतात. आता मी काही असं म्हणत नाही, की आमच्या जेवणघरामुळे तो पडला. पण आयोवात अशी जेवणघरं शेकड्यांनी आहेत, आणि प्रत्येक गावात एक लॅव्हॉन आहे जिला कुणी ओशाळवणार नाही. पुढच्या आठवड्यात मोठ्या शहरांतल्या पेपरांनी लिहिलं, की जुन्या पुढाऱ्यांच्या पाठिंब्याला छोट्या गावांत अजून वजन आहे. लॅव्हॉनने ते वाचून पेपराची घडी घातली. वजन होतं खरं. फक्त ते कुठून आलं हे त्या लिहिणाऱ्यांना माहीत नव्हतं.

फेब्रुवारीत प्रॅदरने माघार घेतली. रेडिओवर दुपारी सांगितलं. लॅव्हॉनने फोन केला आणि मला म्हणाली, इर्मा, गाडी काढ, मला आर्लिसकडे जायचंय, रस्त्यावर बर्फ आहे.

आर्लिस अंगणातच होती, प्रॅदरच्या नावाची पाटी उपटत होती. जमीन दगडासारखी गोठलेली. पाटीचा एक पाय तिने दोन्ही हातांनी धरला होता आणि तो हलत नव्हता. लॅव्हॉन खाली उतरली, हातमोजे घातले, आणि दुसरा पाय धरला. दोघींनी जोर लावला. मी गाडीची काच खाली केली होती.

“आर्लिस,” लॅव्हॉन म्हणाली, “त्या दिवशी मी तुझ्याशी खोटं बोलले. तुम्ही आलात त्याने तुमच्या डॉक्टरचा एक प्रतिनिधी गेला.”

“ठाऊक आहे मला.”

“कुणी सांगितलं?”

“कुणी कशाला सांगायला हवं? मोजायला तूच शिकवलंस की. मी विचारलं तेव्हाच ठाऊक होतं.”

लॅव्हॉनचे हात पाटीवरच थांबले. “मग विचारलंस कशाला? आलीस कशाला?”

आर्लिसने नाक पुसलं, थंडीनेही असेल. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर लॅव्हॉनने तो सहज झेलला असता. तीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात त्या एकमेकींवर ओरडतच आल्या होत्या.

“मर्लला जाऊन चार महिने झाले नव्हते,” ती म्हणाली. “एवढ्या गावासमोर तुला एकटीला चालत यायला लावायचं? म्हणून मी निघाले. मला वाटलं, मला येताना बघून तूच म्हणशील, राहू दे आर्लिस, मीच येते तिकडे.”

लॅव्हॉनने पाटीचा पाय पुन्हा धरला आणि ओढला, दात आवळून ओढला, आणि ओढता ओढता ती रडायला लागली, मोठ्याने, जशी ती मर्लच्या दफनालाही रडली नव्हती. आर्लिस तिला थांब म्हणाली. पाटी निघणार नाही गं, म्हणाली, आता बर्फ वितळल्यावरच निघेल. पण लॅव्हॉन ओढतच राहिली.